गाडीतली थरथर

आमच्या दादाला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने तो ऐकून घेत नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, म्हणून इथेही सांगते. उभी हयात इंजिनांशेजारी आणि पत्रे ठोकण्यात गेल्यावर कान राहणार तरी कुठून! त्याच्याशी बोलायचं म्हणजे उजव्या बाजूला जाऊन ओरडायचं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटतं, बहीणभाऊ भांडताहेत. बऱ्याचदा भांडतच असतो, ती गोष्ट वेगळी.

आमचा कारखाना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, त्यातही जुन्या गाड्यांचा. या गाड्यांना क्लच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे एक गोल, बंद, तेलाने भरलेला लोखंडी डबा असतो. त्याचं नाव टॉर्क कन्व्हर्टर, पण आम्ही त्याला नुसता डबा म्हणतो. इंजिन डब्याला फिरवतं आणि डब्यातलं तेल गिअरबॉक्सला फिरवतं. हा डबा एका बाजूला चिमूटभर जड झाला की सगळी गाडी थरथरायला लागते. मग तो काढायचा, लेथवर वेल्डिंगच्या शिवणीत कापायचा, आतली पाती दुरुस्त करायची, पुन्हा वेल्डिंग करून बंद करायचा आणि मशीनवर फिरवून त्याचा तोल साधायचा. जी बाजू हलकी, तिकडे लोखंडाचा छोटा तुकडा चिकटवायचा. कापणं आणि वेल्डिंग माझ्याकडे. तोल दादाकडे.

नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा माझ्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. वहिनीने जवळ घेतलं, शेजारणींनी समजूत काढली. दादाने वेल्डिंगचा मुखवटा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "याच्या आत हवं तेवढं रड, कुणाला दिसत नाही. काम मात्र थांबायला नको." माझा स्वभाव बघून त्याने माझं नाव ठिणगी ठेवलं. आता गल्लीतली पोरंसुद्धा मला ठिणगीताई म्हणतात, आणि मी त्यांच्यावर खेकसते.

मशीनने शून्य दाखवलं तरी आमच्याकडून गाडी लगेच जात नाही. मशीनला फक्त डबा कळतो. तो गाडीत बसला, इंजिनाला जोडला गेला की मग काय होईल ते मशीनला कुठलं ठाऊक! म्हणून इंजिन सुरू ठेवायचं आणि दादाने गाडीखालच्या खड्ड्यात उतरून गिअरबॉक्सच्या पोटाला उजवा तळहात लावायचा, ही आमची रीत. तो डोळे मिटून उभा राहायचा. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, जणू त्याला ऐकूच जाणार आहे! एकदा मशीन शून्य म्हणत होतं आणि दादाचा हात नाही म्हणत होता. शेवटी मशीनचंच बेअरिंग झिजलेलं निघालं. त्या दिवसापासून दादाच्या हातावर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

मग डॉक्टरांची गाडी आली. डॉक्टर म्हणजे दातांचे, आता निवृत्त. जन्मभर दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून काम केलं, आता स्वतःचं उघडं ठेवतात. गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, लांबलचक, दुधाच्या सायीच्या रंगाची. वेग घेताना थरथरायची. डबा कापला तर आतली पाती सैल झालेली. मी ती बसवली, डबा बंद केला, दादाने तोल साधला आणि लांब्याने डबा गाडीत चढवला. लांब्या आमचा फिटर. उंची एवढी की खड्ड्यात आम्ही ताठ उभे राहतो, तो वाकून.

डॉक्टर चक्कर मारून आले ते हरखूनच. "काय सुरेख चालतेय हो! वडिलांची आठवण झाली."

दादा खड्ड्यात उतरला. एरवी तो चटकन वर येतो. या वेळी बराच वेळ लागला. वर आला आणि हात पुसत म्हणाला, "थरथर आहे."

"मला तर काहीच लागली नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला नाही लागणार. मला लागते." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "शिवण एका बाजूला जाड आलीय तुझी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत! या माणसाने इतक्या वर्षांत माझ्या एका शिवणीला बरं म्हटलेलं नाही. काही बोलला नाही म्हणजे बरी, असं आपलं आपणच समजायचं. आणि वाकडं बोलायचं तर गिऱ्हाइकासमोर.

"मशीन शून्य दाखवतंय, दादा!" मी ओरडले.

"मशीनला काय कळतंय!"

डॉक्टरांनी आपलं मधे पडायचं म्हणून म्हटलं, "जाऊ द्या हो. गाडी म्हातारी, मीही म्हातारा. थोडी थरथर चालायचीच."

हे मात्र दादाला नेमकं ऐकू गेलं. तो म्हणाला, "डॉक्टर, इथून थरथरती गाडी आजवर बाहेर गेलेली नाही. ही माझ्याच्याने शांत झाली नाही, तर यापुढे मी कुठल्याच गाडीला हात लावणार नाही."

लांब्या हसला. मला हसू आलं नाही. दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि दादाने गाड्यांना हात लावायचं सोडलं तर त्याच्याजवळ उरतं काय? कान नाहीत. मूलबाळ नाही. गप्पा मारायला जातो म्हणावं तर समोरचा ओरडून ओरडून दमतो. सुट्टीच्या दिवशी घरभर फिरून नळाच्या तोट्या आणि दारांच्या बिजागऱ्या घट्ट करत बसतो, आणि वहिनी म्हणते, एकदाचा उद्या उजाडू दे. ती गाडी शांत व्हायलाच हवी होती. शिवण माझी वाकडी म्हणतोस ना, ठीक आहे, मी सरळ करून दाखवते, पण तू काम सोडलेलं मी बघणार नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

डबा पुन्हा उतरवला. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटेल, त्यात काय! गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, तेल अंगावर येतं, बोटं सोलून निघतात. मी माझीच शिवण लेथवर कापली आणि नव्याने घातली, इतकी जपून की श्वाससुद्धा अडवून धरत होते. मशीन म्हणालं शून्य. गाडीत बसवला. दादा खड्ड्यात उतरला, वर आला.

"आहे."

मग डबा ज्या पातळ प्लेटवर बोल्टांनी बसतो, त्या प्लेटवर तो एकेक भोक पुढे सरकवून पाहिला. कधीकधी डब्याची जड बाजू आणि प्लेटची जड बाजू एकत्र येतात, ती सुटी केली की थरथर जाते. सगळी भोकं फिरून झाली. दादा कधी म्हणायचा, कमी झाली. कधी म्हणायचा, वाढली. सकाळी कमी, जेवणानंतर जास्त. मी डोकं खाजवत बसायचे. तोल गेलेली गाडी सकाळ-दुपार बघत नाही, ती आपली जेव्हा बघावं तेव्हा थरथरते. म्हटलं, तेल तापल्यावर काही होत असेल. तेल बदललं. मग डबा इंजिनापासून सोडवून नुसतं इंजिन चालवून पाहिलं. तरी आहेच. म्हणजे दोष इंजिनात, म्हणून इंजिनाखालची रबरं नवी घातली. साप साप म्हणून आम्ही भुई धोपटत होतो.

एक दिवस लांब्याने चालू इंजिनावर एक नाणं कडेवर उभं केलं. नाणं उभं राहिलं. पडलं नाही, की सरकलं नाही. "ताई," तो हळूच म्हणाला, "गाडीत काही नाही हो."

"तू तुझं काम कर," मी म्हटलं. "नाण्यांना कधीपासून अक्कल आली?"

दादाने ते नाणं पाहिलं. त्या दिवशी तो जेवला नाही. घरी आल्यावर खिडकीशी बसून राहिला, आणि वहिनीने चहा दिला तोही अर्धाच कप. "काय गं वहिनी, काटकसर चाललीय वाटतं?" मी म्हटलं. एरवी वहिनी उलट टोला हाणते. ती मोरीकडे वळली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. मला वाटलं, माझंच बोलणं लागलं.

डॉक्टर मधूनमधून यायचे. त्यांनी घाई कधी केली नाही, हे मान्य करायला हवं. स्टुलावर बसायचे, वडिलांच्या गोष्टी सांगायचे. एकदा दादा त्यांना पाती कशी सैल होतात ते समजावत होता आणि डॉक्टर पात्याकडे न बघता त्याच्या हाताकडेच बघत होते. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादांना एकदा कुणाला तरी दाखवून घ्या."

"काय दाखवून घ्यायचं?" मी म्हटलं. "तुमचा विश्वास नसेल तर गाडी दुसरीकडे न्या. दादाला शिकवणारा अजून जन्माला यायचाय."

डॉक्टर बिचारे "तसं नाही हो" एवढंच म्हणाले आणि गेले. मी त्यांच्या पाठीमागे हातातला पाना आपटला.

त्यानंतर मी शेवटचा उपाय म्हणून डबा तिसऱ्यांदा उतरवला. तोल साधण्याचे सगळे तुकडे काढून टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दादा म्हणाला, तूच कर, मी बघतो. एवढ्या वर्षांत तोल त्याने मला करू दिला नव्हता. मला त्याचाही राग आला, की हा हरलाय आणि माझ्यावर ढकलतोय. मी तुकडा चिकटवायचे, फिरवायचे, घासायचे, पुन्हा फिरवायचे. काटा शून्यावर जो बसला तो हलेना. दादा शेजारी उभा होता, हाताची घडी घालून, हात काखेत घट्ट दाबून. आता आठवतंय, तो हल्ली तसाच उभा राहायचा.

डबा गाडीत चढवून झाला तेव्हा दुपार झाली होती. लांब्या जेवायला मागच्या अंगणात गेला. मी स्टिअरिंगवर बसून इंजिन सुरू केलं. दादा खड्ड्याच्या पायऱ्या उतरायला लागला, एका हाताने भिंत धरून, सावकाश. तेवढ्यात इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. इतके दिवस जागच्या जागी चालवून चालवून टाकी कोरडी झाली होती आणि त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कर्म माझं, असं म्हणत मी किल्ली काढली आणि दादाला हाक मारायला तोंड उघडलं.

खालून त्याचा आवाज आला. "आहे गं. अजून आहे."

माझं तोंड तसंच राहिलं.

"कमी आहे, पण आहे. लागतेय."

मी किल्ली हातात घेऊन बसून होते. कारखान्यात दुसरा कसलाच आवाज नव्हता. फक्त मागे लांब्याने पाण्याचा नळ सोडलेला ऐकू येत होता. मी दार उघडून उतरले आणि खड्ड्यात गेले. दादा डोळे मिटून उभा होता, उजवा तळहात गिअरबॉक्सला लावून. मी माझा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. लोखंड गरम होतं आणि अगदी निश्चल होतं. मग मी त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, थांबत नव्हती. वहिनीचा अर्धा कप मला तेव्हा कळला. सकाळी ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावायची आणि मी तिला चिडवायचे, म्हातारपणी लाड चाललेत म्हणून. तिला ठाऊक होतं. डॉक्टरांना कळलं होतं. बहुतेक लांब्यालाही कळलं होतं. मला मेलीला तेवढं दिसलं नाही, कारण मी गाडीकडे बघत होते.

"लागली ना?" डोळे न उघडता दादाने विचारलं.

इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर त्याची गाडी शांत झाली नाही, तो शब्दाप्रमाणे काम सोडणार. नाही म्हणावं तर हात गेला हे त्याला कळणार, आणि तरीही तो काम सोडणार. मला त्याचे पाय धरून रडावंसं वाटलं.

"दादा," मी म्हटलं, "गाडी बंद आहे."

"काय?"

"गाडी बंद आहे, दादा."

"मोठ्याने बोल की! पुटपुटतेस काय?"

असं काही सांगायचं तर माणूस जवळ बसतो, हात हातात घेतो, हळू बोलतो. माझ्या भावाला हळू काही सांगताच येत नाही. मी त्याच्या उजव्या कानाशी गेले आणि रोज पाना मागायला ओरडते तशी ओरडले, "गाडी बंद आहे! पेट्रोल संपलंय! तू हात लावायच्या आधीच बंद पडली!"

मागे नळ बंद झाला.

दादाने डोळे उघडले. आधी त्याला वाटलं मी थट्टा करतेय, कारण तो किंचित हसला. मग त्याने हात गिअरबॉक्सवरून उचलला, पुन्हा लावला, पुन्हा उचलला. तो हात त्याने हवेत आपल्या डोळ्यांसमोर धरला. हवेतही ते चाललंच होतं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं, आणि डाव्या मुठीत ते हलत राहिलेलं मला दिसलं.

"लांब्या!" तो ओरडला. "पेट्रोल टाक आणि सुरू कर." मग मला म्हणाला, "चालू गाडीला तू हात लाव."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"लाव म्हणतो ना."

लांब्याने पेट्रोल ओतलं. तो आमच्याकडे बघत नव्हता. इंजिन सुरू झालं. दादा खड्ड्याच्या दोन पायऱ्या वर चढून बसला आणि माझ्याकडे बघू लागला. मी दोन्ही तळहात गिअरबॉक्सला लावले आणि डोळे मिटले. इतके दिवस ती थरथर जावी म्हणून मी बोटं सोलून घेतली होती. आता मी तीच शोधत होते. म्हटलं, असू दे कुठेतरी, कोपऱ्यात, नखाएवढी असू दे, मी हिला दहा वेळा कापीन, जन्मभर कापत बसेन, पण असू दे. मी हात पुढे सरकवले, मागे सरकवले, डावीकडे लावून पाहिले. इंजिन आपल्या तालात चाललं होतं. दुसरं काही नव्हतं.

डोळे उघडले तर दादा वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यालाही वाटत होतं, मी आहे म्हणेन. इतक्या आशेने बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"काय?" त्याने विचारलं.

खोटं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या हाताखाली शिकलेय मी, गाडीबाबत खोटं माझ्याने बोलवलं नाही.

"काही नाही, दादा!" मी ओरडले. "गाडी शांत आहे!"

 मग त्याने मान हलवली.

"म्हणजे पहिल्याच वेळी झाली होती," तो म्हणाला. "तुझी शिवण सरळ होती. चांगली होती."

इतकी वर्षं मी हेच त्याच्या तोंडून ऐकायला टपले होते. "नाही रे, माझीच वाकडी होती," मी म्हटलं, पण इंजिन चालू होतं. त्याने "काय?" असं विचारलंसुद्धा नाही. डाव्या हाताने भिंत धरून तो उठला आणि वर गेला, आणि मी खड्ड्यात चालू गाडीखाली मटकन बसले.